मुऱ्यांचं सुतक

मासळीला सुतक लागतं हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

बायको गेली त्याच्या दहाव्याला आम्ही पुरुष मंडळी खाडीवर गेलो होतो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, काही इच्छा मागे राहिली नाही, समाधानानं गेली. मला त्या कावळ्याचा राग आला. मेल्याला एवढी काय घाई होती? इतकी वर्षं एका घरात राबलेली बाई, तिची एकसुद्धा इच्छा मागे नाही? थोडा वेळ झाडावर बसायचं, आम्हाला उन्हात ताटकळत ठेवायचं. मी हात जोडून काहीतरी कबूल केलं असतं. काय ते माहीत नाही, पण केलं असतं.

डोकं भादरून घरी आलो तर ओटीवर फिनेलचा वास. आम्ही खाडीवर असताना मागे बायकांनी घर धुऊन काढलं होतं. चादरी दोरीवर, हंडे-कळश्या चिंच लावून उन्हात पालथ्या. आणि ओटीच्या कोपऱ्यात काचेची पेटी लख्ख झालेली. पाणी नवं. तळाचे गोटे घासून पांढरे केलेले आणि मधोमध त्यांचा ढीग रचलेला, कळसासारखा. खाली बादलीत माझ्या बायकोच्या पाचही मुऱ्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी," मेहुणी म्हणाली. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, थळला दिलेली. तिचा आवाज वाऱ्यावर खाडीपलीकडे जातो. "सुतकातलं पाणी घरात ठेवतात काय, भावोजी? सगळं ओतलं तसं हे पण ओतलं. वर गोमूत्र शिंपडलं हाय."

"मुऱ्यांवर?"

"चार थेंबांनी कोण मरत न्हाय."

घर पाहुण्यांनी भरलेलं, तेराव्याचं सामान दारात आलेलं. मी गप्प बसलो. मी गप्प बसणारा माणूस नाही. त्या दिवशी बसलो, त्याचा राग मला आजही आहे.

आता मुऱ्या म्हणजे काय ते सांगतो, कारण हल्लीच्या लोकांना पापलेट आणि सुरमईपलीकडे मासळी माहीत नाही. मुरी ही गोड्या पाण्यातली. बोटाएवढी, अंगावर वाघासारखे पट्टे, तोंडाला बारीक मिश्या. वाहत्या ओहोळात दगडाखाली तळाला चिकटून राहते. शहरातले दुकानदार हिला लोच म्हणतात आणि परदेशातल्या लोच पिशवीत घालून विकतात. आम्ही मुरी म्हणतो. लहानपणी फडक्यात धरून, मीठ-हळद लावून तव्यावर टाकायचो.

काचेची पेटी मुलानं आणलेली. तो पनवेलला असतो. घरावरची जुनी कौलं काढून त्यानं स्लॅब टाकला तेव्हा शोभेला म्हणून ही पेटी, बुडबुड्यांचं मशीन आणि लाल मासे घेऊन आला. लाल मासे पंधरवड्यात एकेक करून उताणे झाले. मुलगा म्हणाला, टाकून द्या. बायको कशाला टाकते? ती लावणीच्या दिवसांत ओहोळावर पाय धुवायला गेली आणि येताना तांब्यातून मुऱ्या घेऊन आली.

मी मांडव्याच्या जेट्टीवर कामाला होतो. लाँच लागली की दोर घ्यायचा, बांधायचा, सोडायचा. दिवसभर दर्या बघून आलेल्या माणसाला त्या काड्यांचं काय कौतुक? चहा पिताना ती मला पेटीतल्या बातम्या सांगायची. सगळ्यांत जाडा मुरा, त्याला ती सरपंच म्हणायची. "आज सरपंचानं थोरलीला दारातून हाकललं." "धाकटी आज हटली न्हाय हां, अंगाला अंग लावून उभी राहिली, काळी पडली रागानं." मी हूं हूं करायचो. एकदा म्हटलं, "एवढ्या भांडतात तर तळून टाक की." तर म्हणाली, "तुम्ही भांडता म्हणून मी काय केलं तुमचं?"

अशी होती. आणि एका दुपारी वालाच्या शेंगा सोलता सोलता गेली. शेंगा तशाच सुपात. पुढचं मी लिहिणार नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, बरं झालं, हाल न होता सुटली. कोणापासून सुटली? माझ्यापासून? त्यातल्या एकाला मी तसं विचारलं. तो चहा अर्धा टाकून गेला.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता एकटे राहू नका. पेटी कोणाला तरी देऊन टाका आणि पनवेलला या."

"पेटी का देऊ?"

"तिकडे फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? आणि तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

म्हटलं, कळून घेईन. तिच्या मुऱ्या जगल्या पाहिजेत, एवढंच मी धरून बसलो. बाकी तिचं काय उरलं होतं? लुगडी वाटली. मण्यांची डबी सुनेनं नेली. जिवंत असं तिच्या हातचं घरात तेवढंच होतं.

आणि त्याच मरायला लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं खेळतायत. सरपंच त्या गोट्यांच्या ढिगावर पसरला आणि बाकीच्या चौघींना खाली टेकू देईना. मुरी ही तळाला बसणारी जात. ती वर तरंगायला लागली की समजावं काहीतरी बिघडलंय. चौघी मशीनच्या नळीला चिकटून वर लोंबकळायच्या. कोणी जरा खाली उतरली की सरपंच सुटायचा. शेजारी शेजारी लागून शेपटीचे फटके, मग पंखाला चावा. थोरलीच्या शेपटीची झालर झाली. एका सकाळी धाकटी पेटीबाहेर, ओटीच्या फरशीवर वाळलेली मिळाली. तिनं उडी मारली होती. वर झाकण नव्हतं असं नाही. झाकणाला बोटभर फट होती, तेवढ्यातून गेली. राहायला जागा नसली की जीव तेवढ्यातूनही जातो.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, नेटवर वाचलं मी. हे मासे टेरिटोरियल असतात. म्हणजे आपापली हद्द धरून राहतात."

"हद्द म्हणजे काय ते तू मला शिकवतोस? वीतभर बांधासाठी माझ्या चुलत्यानं बापाच्या अंगावर कोयता काढला होता."

"तसंच आहे ते. सरपंचाला वेगळा काढा."

"काढून कुठे घालू? तुझ्या फ्लॅटमध्ये?"

त्यानं फोन ठेवला. मीही ठेवला असता, त्यानं आधी ठेवला.

मग अलिबागला शोभेचे मासे विकणाऱ्याकडे गेलो. त्याच्या दुकानात थंडगार हवा, निळे दिवे. मी सगळं सांगितलं. तो फोनकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "काका, हे गावठी मासे पेटीत ठेवायचे नसतात. फेकून द्या. मी तुम्हाला शांत स्वभावाचे देतो, वर हा किल्ला घ्या." प्लास्टिकचा किल्ला, त्याच्या बुरुजातून बुडबुडे येतात.

"तुझ्या आईचे असते तर फेकले असतेस?" मी विचारलं.

"आवाज खाली, काका."

आवाज मी खाली केला नाही. दुकानातल्या एका बाईनं आपली पोर मागे ओढली. किल्ला न घेता परत आलो.

घरी येऊन गोट्यांचा ढीग मोडला. ते गोटे तिनं ओहोळातून आणलेले होते, मला तेवढं ठाऊक. कसे मांडले होते ते आठवेना. रोज संध्याकाळी त्या पेटीसमोर बसून मी चहा प्यायलोय आणि मला एवढंच आठवे की तळाला सगळं हिरवं, शेवाळलेलं, उंचसखल काहीतरी होतं. मी गोटे पसरले. ओळीत लावले. भिंतीला टेकवले. काही झालं तरी सरपंच एका टोकाला उभा राहायचा आणि त्याला दुसऱ्या टोकापर्यंत सगळं दिसायचं. दिसलं की सुटायचा. मी काचेवर थाप मारायचो. एकदा इतक्या जोरात मारली की हाताला मुंग्या आल्या.

शेवटी ठरवलं, ओहोळात सोडून येऊ. हिच्या हातचं होतं, हिच्या ओहोळात जाऊ दे. पितळी तांब्या घेतला, तिचाच, आणि आधी पाणी बघून यावं म्हणून निघालो. आमचं गाव किहीमच्या आतल्या अंगाला. शेताच्या बांधानं गेलं की ओहोळ. बांध संपला तिथे पांढरी भिंत उभी. पलीकडे बंगला, हिरवळ, निळा पोहण्याचा तलाव. ओहोळ भिंतीखाली एका सिमेंटच्या पाइपात कोंबलेला, आणि पाइपाच्या तोंडातून साबणाचं पाणी ठिबकत होतं. ते दगड, त्या फटी, वाहती धार, काही नाही.

गेटवरचा वॉचमन आला. उत्तरेकडचा कोणी.

"बाबा, इधर से नहीं. प्रायव्हेट है."

"इधर पानी था."

"अंदर पानी है. स्विमिंग पूल."

"उसमें मछली है क्या?"

"पागल हो क्या बाबा? साहब लोग नहाते हैं."

त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्याला पगार तेवढ्याचाच. पण मी त्याला खूप बोललो. मराठीत बोललो, त्याला कळलं नाही. साहेब लोक इथे महिन्यातून दोन दिवस येतात. त्यांना अख्खा ओहोळ लागतो. मुरीला वीतभर जागा पुरते आणि तीही मिळत नाही.

रिकामा तांब्या घेऊन परत आलो. एक गोष्ट पक्की झाली. सोडायला जागा नाही आणि या मेल्या तर नव्या आणायलाही जागा नाही. उरलेल्या चार गेल्या की संपलं.

त्याच आठवड्यात मेहुणी आली. पिशवीत सुका जवळा आणि बोंबील. दारातूनच म्हणाली, "काय हो हे! घराला कोण झाडू मारतो की न्हाय? आणि दाढी? ताई असती तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

"तू आत ये आणि बघ तुझं पुण्य," मी म्हटलं आणि हाताला धरून तिला पेटीपुढे उभी केली. "ती बघ थोरली. शेपूट बघ तिचं. धाकटी मेली. तू धुतलंस ना? तू मारलीस."

"मी? अहो, मी माशाच्या केसालापण धक्का लावला न्हाय!"

"माशाला केस नसतात."

"तुम्हाला तरी कुठं ऱ्हायलेत? भादरून घेतलेत ते अजून आले न्हाईत." मग तिला स्वतःलाच रडू आलं, पण रडता रडता भांडण सोडलं नाही. "एकेक गोटा मी माझ्या हातानं घासला. सगळे परत आत टाकले. मोजून बघा. दगडाला सुतक धुतलं की जातं. मातीचं होतं तेवढं टाकलं."

"मातीचं काय होतं?"

"कौलं हो. नळीची. तुमच्याच घरावरची. आत ठेवलेली ना तिनं, पालथी घालून? मातीचं भांडं सुतकात घरात ठेवतात काय? पाण्याचं मडकं टाकलं, माठ टाकला, त्याच्याबरोबर कौलं टाकली."

मी खुर्चीवर बसलो.

शेवाळलेलं, उंचसखल. मला ते सगळे दगडच वाटत होते. मुलानं छप्पर उतरवलं तेव्हा जुन्या अर्धगोल कौलांचा ढीग मागे पडला होता. त्यातली हिनं निवडून घेतली, वीत वीत लांबीची तोडली आणि मुऱ्यांच्या डोक्यावर घातली. मुलानं आमच्यावरून काढलेलं छप्पर. आणि हे मला मेहुणी सांगतेय.

"कुठे टाकलीस?"

"मडकी टाकतात तिथं. खाजणाच्या बांधावर."

मी उठलो. ती मागोमाग. "भावोजी, कुठं चालला? ऊन बघा! अहो, ते टाकलेलं आहे! टाकलेलं मातीचं कोण परत घरात आणतो? ताईला काय गत मिळंल?"

"तिची गत कावळ्यानं केव्हाच ठरवली. तू मुऱ्यांची बघ."

खाजणाच्या बांधाखाली, जिथे भरतीचं खारं पाणी येऊन टेकतं, तिथे गावची फुटकी मडकी पडलेली असतात. आमचा माठ ओळखू आला. त्याच्या गळ्याला हिनं चुन्याची टिकली लावलेली होती, विंचू-किडा येऊ नये म्हणून. त्याच्या खापऱ्यांत चिखलात कौलं रुतलेली. मी गुडघ्यावर बसून हातानं उकरायला लागलो. चार सापडली. पाचवं सापडेना. मेहुणी बांधावर उभी राहून मला गावभर ऐकू जाईल असं बोलत होती, म्हातारा बिघडला, पोरगा पनवेलला घेऊन जात नाही तर काय होणार, वगैरे. मग बोलता बोलता खाली उतरली, साडी वर खोचली आणि माझ्या डाव्या बाजूच्या चिखलात हात घातला.

"हे घ्या. आंधळे आहात."

पाचवं कौल तिच्या हातात होतं.

विहिरीवर कौलं धुतली. खार निघावा म्हणून पाणी बदलून बदलून रात्रभर भिजत ठेवली. मेहुणी घरी गेली नाही. म्हणाली, रिक्षा मिळणार नाही. रिक्षा मिळाली असती.

सकाळी मी कौलं पेटीत ठेवायला लागलो तर ती मागून ओरडली, "असं न्हाय! तोंडाला तोंड ठेवू नका. हिचं दार तिच्या दारासमोर आलं की झाली मारामारी. पाठीला पाठ लावा. मधे गोटा उभा करा. त्याला पलीकडचं दिसता कामा नये."

"तुला कसं ठाऊक?"

"मी बसलेली ना ती करत होती तेव्हा. हसली मी तिला, म्हटलं मुऱ्यांची वाडी बसवतेस काय ताई, घरपट्टी पण घे. तर म्हणाली, यांना शेजार चालतो, फक्त शेजाऱ्याचं तोंड दिसायला नको." मेहुणीनं डोळे पुसले. "मी हात लावणार न्हाय. टाकलेलं आहे ते. तुम्ही ठेवा, मी सांगते."

तिनं सांगितलं, मी ठेवलं. तिसरं कौल वाकडं बसलं तेव्हा तिच्यानं राहवलं नाही, तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि सरळ केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाला सांगितलंत तर बघा."

सरपंचानं आधी पेटीभर फेरी मारली. मग सगळ्यांत मोठ्या कौलाखाली शिरला आणि मिश्या बाहेर काढून बसला. दुपारपर्यंत थोरली नळी सोडून खाली आली. संध्याकाळी चारही तळाला. अधूनमधून दारात येऊन एकमेकींना अंग दाखवायच्या आणि परत आत. तेवढं भांडण हवंच.

मुलाला फोन केला. "मी पनवेलला येत नाही. आणि आता नीट ऐक. मी मेलो की घर धुवा, मडकी फोडा, मला हरकत नाही. पण पेटीला हात लावायचा नाही. माझं सुतक मुऱ्यांना लागत नाही."

मेहुणी जवळ उभी होती. म्हणाली, "आधी आंघोळ तर करा. मरायचं मग बघू."

पाचवं कौल धाकटीचं. ती नाही. मेहुणी म्हणाली काढून ठेवा, मी नाही काढलं. आता सरपंचानं तेही बळकावलंय. आपलं सोडून रोज तिकडे जाऊन पसरतो. एकाला दोन दोन घरं कशाला लागतात हे मला या वयातही कळलेलं नाही. सकाळी उठलो की मी झाडूची काडी घेतो आणि त्याला तिथून बाहेर काढतो. तो रागानं काळा पडतो, काडीला चावतो, जातो. माझी पाठ वळली की परत तिथेच.

येऊ दे. उद्या सकाळी काडी घेऊन मीही तिथेच आहे.